साळूचं बीळ

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीसाठी लांडग्यांच्या दोन टोळ्या भिडल्या आणि तिथले ससे पिल्लांसह जीव मुठीत धरून पळाले. साळू साळिंदरीने त्यांना आपल्या बिळात घेतलं, साठवलेली कंदमुळं पुढे ठेवली.

पाठोपाठ लांडग्यांची एक टोळी आली. म्होरक्या ओरडला, "हे ससे शत्रूचे हेर आहेत. बाहेर काढ, नाहीतर बीळ उकरू!"

साळूने दारात पाठ वळवून काटे ताठ उभारले. "उकरा खुशाल. पहिला पंजा कोण घालतंय?"

लांडगे एकमेकांकडे बघू लागले. कुणीच पुढे येईना. शेवटी गुरगुरत निघून गेले.

आतून एका पिल्लाने विचारलं, "मावशी, आता आम्ही जायचं?"

"टेकडी शांत होऊ दे. तोवर हे घर तुमचंच," साळू म्हणाली आणि दारातच बसून राहिली.