ताईंची तहान

“...पण मग त्यानं गोळ्या खाल्ल्या का नाहीत, मावशी?”

वैजयंतानं विचारलं. ती वस्तीची आशाताई, घरोघरी जाऊन औषधं पोचवणारी. मावशी म्हणजे सोनाबाई, तीस वर्षं नर्सबाई म्हणून पायपीट करून आता घरी बसलेल्या. वैजयंताला काम त्यांनीच शिकवलं होतं.

तुळशीराम परवा गेला. चौतिशीचा गडी. ओढ्यावर हातपाय धुताना फेफरं आलं आणि घोटाभर पाण्यात पालथा पडून संपला. मागाहून कणगीमागच्या डब्यात वैजयंतानं दिलेली गोळ्यांची पाकिटं सापडली, एकही न फोडलेली.

वैजयंताला तर आपल्या कामाचा केवढा तोरा होता. फेफरं लागट नसतं, झटका आला की चप्पल हुंगवू नका, माणसाचं ताट वेगळं काढू नका, हे तिनं घरोघरी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं होतं.

मावशींनी एवढंच विचारलं, “त्यांच्याकडं पाणी कधी प्यालीस?”

वैजयंताचा हात पिशवीतल्या बाटलीवर गेला.

तासभर चालून ती त्या घरी पोचायची. तुळशीरामची आई दर वेळी घासलेला तांब्या पुढं करायची. ही पिशवीतली बाटली चाचपत म्हणायची, तहान नाही. फेफऱ्याच्या घरचं पाणी पिऊ नये, असं लहानपणी आईनं बजावलं होतं. ते मनात कुठं दडून बसलं होतं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तुळशीराम दाराशी उभा राहून बघायचा.

“काल त्याच्या आईला भेटून आले,” मावशी म्हणाल्या. “म्हणत होती, ताईंना आमच्या घरी कधी तहान लागायची नाही.”

...

वैजयंता रडली नाही. रडायचा हक्कही आपण गमावला असं तिला वाटलं. तिनं फेफऱ्याच्या पेशंटांची यादी मावशींपुढं ठेवली. अजून तिघं होते. ही तुम्हीच केंद्रात देऊन टाका, माझ्यानं आता होणार नाही, म्हणाली.

मावशींनी यादी उचलली.

“आता मी पाणी प्याले, तरी तुळशीरामला त्याचं काय?” वैजयंतानं विचारलं.

“काही नाही.”

मावशींनी यादी घडी करून तिच्या पिशवीत परत घातली. मग पिशवीतली बाटली काढली, झाकण फिरवलं आणि सगळं पाणी अंगणात ओतून दिलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

रिकामी बाटली त्यांनी स्वतःजवळच ठेवली.

“जा,” त्या म्हणाल्या. “वाटेत तहान लागेल तुला.”