पाठमोरे सर

"…पण सर, पाठ फिरवली की काम थांबतं, त्याला काय करायचं?"

उमाकांत लाड हे पुन्हा पुन्हा विचारत होता. वर्गातले बाकीचे वह्या मिटून बसले होते. मुजावर सर खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते.

तंत्रनिकेतनातला हा संध्याकाळचा वर्ग म्हणजे कारखान्यांतून सुटून आलेल्या दमल्या माणसांचा. विषय, औद्योगिक व्यवस्थापन आणि पर्यवेक्षण. कुणी बाकावर पेंगायचं, कुणी डब्यातली उरलेली भाकरी संपवायचं. पेंगत नसे तो एकटा उमाकांत. चाचणी कुठलीही असो, पहिला नंबर त्याचा, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

सूतगिरणीत सुपरवायझर झाला तेव्हा त्याने पेढे वाटले होते. आता गाल बसले होते, डोळे तांबारले होते. खुर्ची मिळाली, पण तिच्यावर टेकायची सोय नव्हती. माणसं जात्याच कामचुकार, हे त्याचं ठाम मत. म्हणून हा खात्यात दिवसभर उभा. पाणीसुद्धा बेतानेच प्यायचा. मुतारीकडे जायचं म्हणजे पाठ फिरवणं आलंच की!

एवढं करूनही खात्याचं काम घटतच चाललं होतं. मॅनेजरांनी काल सांगून टाकलं होतं, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर पुन्हा मशीनवर उभं राहा. म्हणजे ज्यांच्यावर इतके दिवस डाफरला, त्यांच्याच रांगेत.

"मी सगळं पुस्तकाप्रमाणं करतोय, सर," तो म्हणाला. "नजर ठेवतो. चूक तिथल्या तिथं धरतो. तरी…"

"तरी?"

"तरी मी वळलो की गप्पा सुरू. आता अंगात त्राण नाही राहिलं, सर. उभ्या उभ्या झोप येते."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

मग त्यांनी टेबलावरचा खडू उचलून पुढे केला.

"आज पाठ तू घे."

उमाकांतचा चेहरा उजळला. छाती काढून तो फळ्यापाशी गेला. पर्यवेक्षकाची कर्तव्ये त्याला तोंडपाठ होती.

तो लिहायला वळला आणि मागे कुजबुज झाली.

गर्रकन फिरला. सगळे गप्प.

पुन्हा वळला. या वेळी मागे खसखस पिकली.

मग त्याने एक युक्ती काढली. तोंड वर्गाकडे, छाती वर्गाकडे आणि खडूचा हात तेवढा मागे, फळ्यावर. एकेकाच्या डोळ्यांत डोळे घालून तो खेकड्यासारखा आडवा सरकत लिहू लागला. वर्ग खरोखरच चिडीचूप झाला. फौंड्रीतला बाबर तर हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबून बसला.

"झालं, सर," उमाकांत घाम पुसत म्हणाला. "बघा. एक जण हलला नाही."

"आता वाच."

तो फळ्याकडे वळला. ओळी वर चढत गेल्या होत्या. अक्षरावर अक्षर बसलं होतं, एक कर्तव्य दुसऱ्याच्या पोटात शिरलं होतं. त्याने डोळे बारीक केले. जवळ गेला. चार पावलं मागे आला.

"वाच की."

"…लागत नाही, सर."

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. उमाकांतला रडू येत होतं आणि ते लपवायला कुठे वळावं, हेही सुचत नव्हतं.

सरांनी त्याच्या हातातून खडू घेतला. खांद्याला धरून त्याला पहिल्या बाकावर बसवलं. फळा पुसला. मग वर्गाकडे पाठ करून ते सावकाश लिहू लागले. टपोरं, वळणदार अक्षर. एक ओळ झाली. दुसरी झाली…

उमाकांत सवयीने मान वळवून मागेच बघत राहिला. कोण बोलतंय, कोण खिदळतंय… पण मागे वह्या उघडत होत्या. बाबरने रुमाल खिशात घातला आणि पेन काढलं. वर्गात खडूचा तेवढा आवाज येत होता.

त्याला राहवेना.

"सर… तुम्ही पाठ फिरवलीत, तरी ही सगळी गप्प कशी?"

खडू थांबला नाही.

"गप्प आहेत होय?… मला काय ठाऊक, बाबा. मी लिहितोय."