फणसांब्याचा शेजारी

सह्याद्रीच्या एका उतारावर एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्येच्या मदतीने फणसांबा पिकवू पाहत होते. फणसांबा म्हणजे जुन्या फणसाच्या खोडावर, त्याचे लाकूड खाऊन वाढणारी बुरशी. घोड्याच्या खुरासारखी कठीण. त्या मुलखातल्या आया ती सहाणेवर उगाळून बाळाच्या सुजल्या हिरड्यांना लावीत. पण जुने फणस तोडले जाऊ लागले आणि आया रानातून रिकाम्या हातांनी परतू लागल्या. फणसांबा घरी पिकवता यावा, एवढीच वैद्यांची उतारवयातली इच्छा होती.

वैद्य मोठे विद्वान. आयुर्वेद कोळून प्यायलेले, वर सूक्ष्मजीवशास्त्रही शिकलेले. सारी पंचक्रोशी त्यांचा शब्द प्रमाण मानी. ते स्वतः मात्र मानीत नसत. काढ्यात सुंठ घातली की नाही हे पाहायला ते पुन्हा स्वयंपाकघरात जात, आणि घातलेली सुंठ डोळ्यांनी पाहूनही त्यांच्या मनाचे समाधान होत नसे. अशा माणसाला शिष्या मिळाली ती कुमुद. हुशार, कष्टाळू, आणि गुरुजींच्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावणारी. त्या डोलणाऱ्या मानेने वैद्यांची काळजी दुप्पट होई. आपण एखाद्या दिवशी चुकीचे सांगितले, तर ही तेही वहीत उतरवून घेईल!

कुमुदने फणसांबा वाढवला तो लाडाकोडात. फणसाचा भुसा आणि भाताचा कोंडा कालवून बरण्यांत भरला, वाफेवर शिजवून शुद्ध केला आणि नाकातोंडाला फडके बांधून त्यात रानातल्या फणसांब्याचा तुकडा सोडला. बरण्यांतून सोनेरी धागे भराभर पसरले. घरचे सगळे पाहणाऱ्या वच्छीकाकू म्हणाल्या, "अगो, सुनेचं बाळंतपणसुद्धा कुणी एवढ्या निगुतीनं करीत नाही!"

मग परीक्षेची वेळ आली. काचेच्या बशीत हिरड्या बिघडवणारे जंतू पसरायचे आणि मधोमध अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. अर्कात गुण असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडे पडते. रानातून आणलेल्या फणसांब्याभोवती कडे पडले. कुमुदने वाढवलेल्या फणसांब्याच्या टिकलीला मात्र जंतू अगदी खेटून सुखाने नांदत होते. तिने पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच.

"माझ्या हाताला गुण नाही, गुरुजी," कुमुद म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पुढच्या खेपेलाही कडं पडलं नाही, तर मी हे सोडते आणि घरी जाते."

"कुठे चुकतंय, असं तुला वाटतं?"

"तुम्ही सांगाल तिथे."

वैद्यांनी दोन्ही बश्या पुन्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रानात गेले आणि कुजक्या लाकडाची एक ढलपी घेऊन आले. तिच्यावर हिरवी बुरशी माजली होती. कुमुद पाहत असतानाच त्यांनी तिची सर्वांत देखणी बरणी उघडली, ढलपी आत टाकली आणि झाकण लावले.

"गुरुजी!" कुमुद ओरडली. "अहो, ती हिरवी आहे! चोर घरात घेतलात तुम्ही!"

"चोर कशाला म्हणतेस? शेजारी आणलाय."

"आणि ह्या शेजाऱ्याने सगळी बरणी खाऊन टाकली तर?"

"तर माझं चुकलं."

"तर नाही, चुकलंच आहे तुमचं!"

स्वयंपाकघरातली पळी जागच्या जागी थांबली. त्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारले नव्हते. कुमुद स्वतःच दचकली, पण तोंडातून गेलेला शब्द तिने मागे घेतला नाही. "मी सिद्ध करून दाखवते," ती म्हणाली आणि तावातावाने कामाला लागली. काही बरण्यांत तिने फणसांब्याशेजारी हिरवी बुरशी सोडली, काहींत फणसांबा एकटाच ठेवला. शिवाय काहींत नुसती हिरवी बुरशी वाढवली, म्हणजे हिरवीमुळे पडलेले कडे फणसांब्याचे म्हणायची पळवाट पुढे गुरुजींना राहायला नको!

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. वैद्यांपुढे चहाचा पेला असा येई की बशीत अर्धा सांडलेला असे. "वैद्यबुवा," वच्छीकाकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "चहा सांडलेला नाही हो, आदळलेला आहे. समजून घ्या."

वैद्य समजत होते. त्यांना अबोल्याची चिंता नव्हती, चिंता बरण्यांची होती. हिरवी बुरशी दौडत सुटली होती आणि सोनेरी धागे मागे सरत होते. ज्ञानाच्या नावाखाली आपण पोरीची मेहनत मातीत घातली, असे वाटून ते बरणीच्या झाकणापर्यंत हात नेत आणि तसाच परत घेत.

आणि एका सकाळी कुमुद अनवाणीच धावत आली. "गुरुजी, उठा! चला!"

बरणीत दोन बुरश्यांच्या मधोमध एक रेघ उमटली होती. काजळाचे बोट ओढावे तशी काळसर, ठसठशीत. हिरवी बुरशी तिथपर्यंत येऊन थांबली होती. अलीकडे फणसांबा पाय रोवून उभा होता.

कुमुदने त्या रेघेजवळचा फणसांबा खरवडून अर्क काढला. एकट्या वाढलेल्या फणसांब्याचा आणि नुसत्या हिरव्या बुरशीचाही काढला. तिन्ही टिकल्या वेगवेगळ्या बश्यांत ठेवल्या. दोन बश्यांत जंतू सुखाने नांदले. रेघेच्या टिकलीभोवती मात्र स्वच्छ, गोल, रुंद कडे पडले.

"दाखव तरी," म्हणत वच्छीकाकूंनी मान पुढे केली. "अगो, पण इथे तर काहीच नाही!"

"काहीच नाही, काकू! काहीच नाही!" म्हणत कुमुदने त्यांना धरून गिरकी घेतली. काकू "सोड, सोड, कंबर!" असे ओरडत स्वतःच आणखी एक गिरकी घेऊन मोकळ्या झाल्या.

हसू ओसरल्यावर कुमुद गुरुजींजवळ येऊन बसली. "तुम्हाला हे ठाऊक होतं. मग आधी का नाही सांगितलंत?"

"ठाऊक नव्हतं," वैद्य म्हणाले. "नुसतं वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. हे बघ, आपण ज्याला औषध म्हणतो, ते फणसांब्याला औषध म्हणून माहीत नसतं. जुन्या फणसावर त्याला किडे, जंतू, दुसऱ्या बुरश्या ह्या सगळ्यांत आपली जागा राखावी लागते. त्यासाठी तो जे कुंपण घालतो, तेच आपण उगाळून बाळाला लावतो. तू त्याला अन्न दिलंस, ऊब दिलीस, शुद्धता दिलीस. अडवणारं मात्र कुणी दिलं नाहीस. मग कुंपण त्याने कुणासाठी घालावं? आणि पोरी, मीही तुला असंच वाढवत होतो. माझ्याशी भांडलीस, तेव्हाच नुसती हिरवी बुरशी वेगळी तपासायचं तुला सुचलं. मला सुचलं नव्हतं. ती बशी नसती, तर हे कडं कुणाचं, ते आपल्याला कधीच सांगता आलं नसतं."

कुमुदने हिरव्या बुरशीची ती बशी पुन्हा उचलून पाहिली. मग तिला हसू फुटले.

त्या हसण्याने वैद्यांना भरून आले. ते उत्साहाने उठले. "चला, आजच वाडीवर निरोप धाडू. म्हणावं, बाळांचं औषध तयार झालं!"

"थांबा, गुरुजी," कुमुद म्हणाली. "चुकतंय तुमचं. जंतू बशीत थांबले म्हणून बाळाच्या तोंडात थांबतीलच असं नाही. आणि हिरव्याशी भांडताना त्या रेघेत एखादं विष उतरलं असेल, तर? ते आधी तपासायला हवं."

वैद्य पुन्हा खाली बसले. "बरं. आणखी काय चुकतंय?"

ती बोटांवर मोजत एकेक सांगू लागली. ते ऐकताना वैद्यांच्या ध्यानात आले, की आपण चुकू ही आयुष्यभराची भीती आज कुठे जाणवतच नाही. चुकलो तर सांगणारे माणूस आता घरात होते.