मवाळाईच्या जुनेराची कहाणी

ऐका मवाळाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगरात एक विणकर होता. त्याच्या कोऱ्या लुगड्याला अशी कडक खळ, की घडी उभी केली तर उभीच राहावी! घरात त्याची आई होती, येसू नावाची बायको होती.

एके दिवशी काय झालं? येसूचं अंग हुळहुळू लागलं. वारा लागला, चरचरलं. पदर लागला, चरचरलं. नवऱ्यानं मायेनं हात ठेवला, तरी चरचरलं. मग सासूनं पाठ पाहिली. वळ नाही, चट्टा नाही, पुरळ नाही. वैद्यानं पाहिली. वळ नाही, चट्टा नाही, पुरळ नाही. दृष्ट काढणारीनं पाहिली, तिलाही काही दिसेना. येसू म्हणे, "दुखतं हो." सगळे म्हणत, "दाखव." दाखवते काय, कपाळ!

मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. नगरातल्या बाया कोरी लुगडी नेसून सळसळत आल्या. येसू आपली धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनेर नेसून बसली. सासू लाजेनं लाल झाली. बाया गेल्यावर म्हणाली, "विणकराचीच सून जुनेर नेसते, मग आमचं कापड घेईल कोण? उद्या कोरं नेस, नाहीतर माहेरची वाट धर. परत येऊ नकोस."

येसू रडत रडत नदीवर गेली. तिथं एक म्हातारी ओलेती बसलेली. म्हणाली, "बाई, बाई, माझं अंग दुखतंय. वरून काही दिसत नाही. पुसून देतेस का?"

येसू 'दाखव' म्हणाली नाही. "आजी, कुठं दुखतं? कसं पुसू म्हणजे लागणार नाही?" जुनेराचा पदर फाडला, हलक्या हातानं अंग टिपलं. म्हातारी हसली. ती मवाळाईच होती! म्हणाली, "मुली, तुला वसा देते. चैत्रातल्या शुक्रवारी कोरं नेसू नये, सात पावसाळे धुतलेलं नेसावं. कुणी दुखतं म्हटलं तर दाखव म्हणू नये, कुठं म्हणून विचारावं. घेतलास तर सोडू नकोस."

येसू वसा घेऊन घरी आली. सासू दारातच उभी, हातात कोरं लुगडं. काही टोचत नाही हे दाखवायला कडक घडी तिनं स्वतःच्या खांद्यावर टाकली मात्र, "आई गं!" म्हणून ओरडली. वैद्य आला. वळ नाही, चट्टा नाही, पुरळ नाही. विणकर म्हणाला, "आई, दाखव." आता सासू दाखवते काय?

येसू जवळ बसली. "सासूबाई, कुठं दुखतं?"

एवढं विचारल्याबरोबर सासू लहान पोरीसारखी रडली. "सगळीकडं गं. तुलाही असंच व्हायचं?"

"असंच."

"आणि मी मेली दाखव दाखव करत बसले!"

मग सासूनं पेटी उघडली. एक जुनेर तिनं नेसलं, एक सुनेला नेसवलं. विणकर बिनखळीचं मऊ लुगडं विणू लागला. गिऱ्हाईक दारात मावेना.

सासूचं दुखणं तिसऱ्या दिवशी गेलं. आणि येसूचं? खोटं कशाला सांगू, बायांनो, थोडं राहिलंच. वारा सुटला की अजून चरचरतं. पण वारा सुटला की सासू धावत येते, आधी खिडकी लावते, मग विचारते, "कुठं गं?"

जशी मवाळाई येसूला भेटली, तशी तुम्हांआम्हांला भेटो, आणि दुखतं म्हटल्यावर विचारणारं माणूस घरोघरी असो. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.