बोर्डबाईंची घाई

गोष्ट जुनी आहे, पण ती सुरू झाली ती वेळ पक्की आहे, सकाळचे नऊ वाजून सात मिनिटं. एका कॉम्प्युटरच्या पेटीत मदरबोर्ड होता. सगळे त्याला बोर्डबाई म्हणत. जाग आली की बाई दोन क्षण थांबून विचारायच्या, "कुणाला काही सांगायचंय का?" तेवढ्यात कीबोर्डवरच्या डिलीट बटणाने हाक मारली, की बाई सेटिंगचं पान उघडायच्या. त्या सकाळी त्याच वेळी कुणीतरी त्यांना झटपट उठायला शिकवलं. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि बाईंनी विचारणंच सोडलं.

पेटीत रुपयाएवढे सेलमामा होते. वीज बंद असली की तारीख, वेळ आणि बाईंच्या सगळ्या सवयी तेच सांभाळायचे. एकदा ते डिलीटला म्हणाले, "पोरी, माझ्यात आता जीव नाही. मी संपायच्या आत दुसरा सेल बसवायला सांग, नाहीतर बाई सगळं विसरतील गं."

डिलीट रोज हाका मारायची, "बाई, ऐका ना!"

"उद्या सांग गं, आत्ता घाई आहे," म्हणत बाई पुढे जायच्या.

एका सकाळी मामा बोललेच नाहीत. बाईंना जाग आली, पण तारीख आठवेना. शिकलेली घाईसुद्धा आठवेना, म्हणून त्या पूर्वीसारख्या थांबल्या. "कुणाला काही सांगायचंय का?"

डिलीटने हाक मारली आणि सेटिंगचं पान उघडलं. डिलीट हळूच म्हणाली, "मामांना सांगायचं होतं, बाई."

ज्यांच्या घरी सकाळची घाई असते, त्यांना ही गोष्ट सांगा. उद्या नको, आजच सांगा.