बागेतल्या कुरडया

एकदा एका जुन्या राजधानीच्या शहरात एक वृद्ध उद्यानपाल राहत होते. तटबंदीच्या आत घरे इतकी दाटीने उभी होती की गल्लीत ऊन जेमतेम घटकाभर उतरे. शहरात मोकळी जागा एकच, ते राखत ती नगराची बाग. वय झाले तसे त्यांनी तिची देखभाल आपल्या शिष्यावर सोपवली.

शिष्य मोठा निष्ठावान. हिरवळीवर पाऊल पडू नये म्हणून त्याने दोऱ्या बांधल्या, मुलांचे खेळ बंद केले, उन्हाळ्यात वाळवण घेऊन येणाऱ्या बायकांना फाटकातूनच परत पाठवले. तीन वर्षांत बाग चित्रासारखी सुंदर झाली. मात्र तिथे कोणी फिरकेनासे झाले.

मग एका धनाढ्य व्यापाऱ्याने नगरप्रमुखांकडे अर्ज केला, "ही जागा रिकामी पडून आहे. मला वखारीसाठी द्यावी." नगरप्रमुख म्हणाले, "चौथ्या दिवशी मी स्वतः येऊन पाहतो. निकाल तिथेच देईन."

शिष्याला अन्न गोड लागेना. तो झाडांची पाने पुसत बसला. "गुरुजी, त्या दिवशी बागेत काडीसुद्धा दिसणार नाही!" गुरुजी काठी टेकत गल्लीत गेले आणि दारोदार सांगू लागले, "बायांनो, आजच गहू भिजत घाला. चौथ्या दिवशी कुरडया बागेत घालायच्या."

ठकूबाई नावाची एक फटकळ बाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमच्या चेल्यानं आम्हाला फाटकातनं हाकललं, तेव्हा कुठं होता? आता बाग जायला निघाली, तर आमची आठवण झाली होय?"

गुरुजींनी हात जोडले. "चूक माझीच, बाई. त्याला मी अडवायला हवं होतं."

तेव्हा ठकूबाई म्हणाली, "दोन पायली भिजवते. पण कावळे हाकायला माणूस लागेल, सांगून ठेवते."

"माझ्यासारखे म्हातारे पुष्कळ आहेत गावात."

चौथ्या दिवशी सकाळीच चिकाची वाफाळती पातेली आणि कुरडयांचे साचे घेऊन बायका फाटकाशी आल्या. गुरुजींनी हिरवळीभोवतीच्या दोऱ्या स्वतः सोडल्या. शिष्य कळवळून म्हणाला, "गुरुजी, आजच्या दिवशी हे? सगळं घालवलंत!" पाहता पाहता कारंज्याच्या चौथऱ्यापासून तटापर्यंत धुतलेली धोतरे पसरली आणि त्यांवर कुरडया उमटल्या. म्हातारे काठ्या घेऊन सावलीत बसले. मुले आंब्यावर चढली.

नगरप्रमुख आले. व्यापारी खूश होऊन म्हणाला, "पाहा सरकार, बागेची काय दशा केली आहे!"

नगरप्रमुखांनी ठकूबाईला विचारले, "बाई, इथे वखार बांधायची आहे. तुमचे काय म्हणणे?"

"बांधा की. पण आज नको, कुरडया ओल्या आहेत. उद्या सांडगे, परवा पापड्या."

"मग पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात झोके!" आंब्यावरून मुले ओरडली.

"बरे, थंडीत?"

एक आजोबा काठी उंचावून म्हणाले, "थंडीत आमची हाडं कुठं शेकायची, सरकार? तुमच्या कचेरीत?"

सगळी बाग हसली. नगरप्रमुखांनाही हसू आवरेना. "शेठजी, तुमचा अर्ज रिकाम्या जागेसाठी होता," ते म्हणाले. "हिला तर वर्षात एकही दिवस रिकामा नाही. वखार दुसरीकडे पाहा." त्यांनी अर्ज परत केला, तेव्हा असा गलका उठला की तटावरची पाखरे उडाली.

शिष्य खाली मान घालून उभा होता. गुरुजी त्याला म्हणाले, "बाळा, तू बागेची सेवा मनापासून केलीस. पण तिच्यातून माणसांना वजा केलंस. मग आज तिच्या बाजूनं बोललं कोण असतं? झाडांना तर बोलता येत नाही. जिथं माणसाचं रोजचं काहीतरी अडकलेलं असतं, त्या जागेसाठी तो भांडतो."

इतक्यात वारा सुटला आणि एका धोतराचे टोक उडू लागले.

"अहो चेले," ठकूबाई ओरडली, "बघता काय? धरा तिकडून!"

शिष्य हिरवळ तुडवत धावला आणि ते टोक दोन्ही हातांनी धरून बसला.