तीस मोजून पुन्हा चालू करायचं

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. होता म्हणजे, आहे अजून. 'भोळा' हा शब्द माझ्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा आहे, तो इथं लिहिण्यासारखा नाही. गाव हिंगणवाडी. गिरणीवाला धोंडिराम, म्हणजे मीच.

तसा मी कामाला वाईट नाही. माझ्याकडं कुणाच्या ज्वारीत कुणाचा गहू जात नाही. माझं दुखणं एकच आहे, सांगितलेलं मी विसरत नाही. कुणी काही शिकवलं की मी खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारतो आणि पुढच्या वेळी तस्संच करतो. पुढची वेळ वेगळी निघते, त्याला मी काय करू?

माझी बायको मंदाकिनी हुशार आहे. बारावी तिनं लग्नानंतर केली, गिरणीच्या खडखडाटात, कानात कापूस घालून. नऊ वर्षं ती गावच्या बालवाडीत शिकवते. यंदा तिनं एका मोठ्या संस्थेत अर्ज केला. वीस बालवाड्यांवर देखरेख करायची जागा होती. पत्र आलं. मुलाखत गुरुवारी सकाळी अकराला, लॅपटॉपवर. मोबाईल चालणार नाही. पुन्हा संधी मिळणार नाही. मंदानं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. मी देवाला हात जोडले आणि म्हणालो, "बाबा, माझ्या हातून काही बिघडू देऊ नकोस." देवानं ऐकलं असेल. पण माझ्या हातांना ऐकू गेलं नाही.

मंदाचा भाऊ जयवंत पुण्याला नोकरी करतो. त्यानं रविवारी आपला लॅपटॉप कुणाबरोबर तरी एसटीनं पाठवला आणि फोन केला.

"दाजी, कोरड्या जागी ठेवा बरं का. ओल लागू देऊ नका."

गावात सगळ्यात कोरडी जागा कुठली? माझी गिरणी. मी लॅपटॉप दळणाच्या डब्यांमध्ये नीट ठेवला आणि दिवसभर दळत बसलो. संध्याकाळी बघतो तर लॅपटॉप पांढरा झाला होता. मी टॉवेलानं पुसला. ओल मात्र टिपूसभर लागली नव्हती.

सोमवारी मंदानं बटण दाबलं. लॅपटॉप चालू होईना. ती बालवाडीला निघाली होती, मग जयवंतला मी फोन लावला.

"चार्जिंग संपलं असेल, दाजी. चार्जर लावा आणि चार तास त्याला अजिबात हात लावू नका."

"बरं," मी म्हणालो आणि टॉवेलाला गाठ मारली.

चार्जर लावून मी समोर बसलो, दोन्ही हात काखेत घालून. तासाभरानं शेजारच्या आक्काची शेळी आत आली. तिनं लॅपटॉप हुंगला. मग चार्जरची वायर चघळायला लागली. मी तोंडानं "हाड, हाड" केलं. शेळी काही कुत्रा नव्हे, तिला हाड कळेना. हात लावायचा नव्हता, म्हणून मी बघत बसलो. वायरीचे दोन तुकडे झाले. शेळीला काही झालं नाही, सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही तिचीच काळजी करत बसाल.

जयवंत फोनवर किंचाळला, "अहो दाजी, हाकलायचं ना तिला! लॅपटॉपजवळ कुणी फिरकलं की आधी काठी घेऊन हाकलायचं, मग बघायचं कोण ते!"

"बरं." दुसरी गाठ.

मंगळवारी सकाळी मी दारात काठी घेऊन बसलो. एक माणूस मोटारसायकलवरून आला, पाठीला पिशवी. गाडी लावून हसत म्हणाला, "लॅपटॉप इथंच आहे ना?"

मी काठी घेऊन उठलो. तो पळाला. मी त्याला पार ओढ्यापर्यंत नेला. परत येऊन त्यानं कशीबशी गाडीला किक मारली, तेव्हा मला दुसरा अर्धा भाग आठवला. मी मागून ओरडलो, "कोण हो तुम्ही?"

तो होता तालुक्याचा अस्लम मुल्ला, लॅपटॉप दुरुस्त करणारा. जयवंतनंच त्याला नवा चार्जर घेऊन धाडला होता.

"दाजी," जयवंतचा आवाज बारीक झाला होता, "असं नसतं करायचं. आलेल्या माणसाला बसवायचं. चहा द्यायचा. लॅपटॉप त्याच्या हातात द्यायचा. पुढचं तो बघेल."

"आधीच सांगायचं की रे," मी म्हणालो. तिसरी गाठ.

दुपारी माणूस आला. मी त्याला बसवलं, चहा दिला, बशीत बिस्किटंही ठेवली. मग आतून लॅपटॉप आणून त्याच्या हातात दिला. माणूस जरा बावरला.

"खरंच देताय?"

"खरंच."

"चालतो का?"

"चालत नाही, म्हणून तर तुमच्या हातात दिला. पुढचं तुम्ही बघायचं."

त्यानं लॅपटॉप पोत्यात टाकला. जाताना मला एक नवीकोरी प्लॅस्टिकची बादली देऊन गेला. मंदा बालवाडीतून आली तेव्हा मी बादली समोर घेऊन बसलो होतो.

"माणूस येऊन गेला," मी म्हणालो. "भला माणूस. दुरुस्तीला नेला आणि वर ही बादली दिली."

मंदानं बादलीकडं पाहिलं. बाहेरून आरोळी ऐकू आली, "भंगाऽऽर, लोखंड, पत्राऽऽ!" तशी ती चप्पल न घालता पळाली. देवळाच्या पुढं वळणावर तिनं भंगारवाल्याला गाठलं, दोन घमेली आणि एक मोडका पंखा बाजूला करून लॅपटॉप काढला, बादली परत केली आणि धापा टाकत घरी आली.

"ऐका," ती म्हणाली. "यापुढं कुणीही काहीही विचारलं तर तुम्ही 'नाही' म्हणायचं. आहे का, नाही. देता का, नाही. दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"बरं." चौथी गाठ.

बुधवारी सकाळी फोन वाजला. अस्लमभाई होते. मोठ्या मनाचा माणूस, काठी विसरून फोन केला होता.

"लॅपटॉप बिघडलाय ना?"

"नाही."

"मग चार्जर नको?"

"नाही."

"परवा चुकून बंद पडला होता का?"

"नाही."

"काल काठी घेऊन माझ्या मागं लागलेले तुम्हीच ना?"

हे मात्र मला जड गेलं. पण शब्द म्हणजे शब्द. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला. मी मंदाला सगळं सांगितलं, शाबासकी मिळेल म्हणून. ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मुलाखत उद्यावर आली होती. बावीस वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. 

"अहो, खोटं कशाला बोलता?" ती म्हणाली. "कुणी विचारलं की खरं सांगावं. जे झालं ते, जसं झालं तसं, पहिल्यापासून."

पाचवी गाठ मारली. टॉवेल आता चाबकासारखा झाला होता.

मंदा स्वतः लॅपटॉप घेऊन वडापच्या जीपनं तालुक्याला गेली. अस्लमभाईंनी लॅपटॉप उघडला आणि ब्रशनं झाडला. चार्जरची पिन घालायच्या भोकात पीठ घट्ट बसलं होतं. "ताई," ते म्हणाले, "यात एक भाकरी सहज होईल." पीठ निघालं, नवा चार्जर लागला, लॅपटॉप चालू झाला. निघताना त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: पडद्यावरचं चित्र अडकलं, हलेनासं झालं, तर बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं. बंद होईल. तीस मोजायचे. पुन्हा चालू करायचं.

गुरुवारी मंदानं मला काहीच काम दिलं नव्हतं. शहाणी आहे ती. पण मी दाराशी असा तोंड पाडून उभा होतो की तिला दया आली.

"बसा इथं, लॅपटॉपच्या बाजूला," ती म्हणाली. "बोलू नका. चित्र अडकलं तरच कागदात लिहिलंय तसं करा."

"तेवढंच करीन," मी म्हणालो. सहावी गाठ.

अकराला पडद्यावर संस्थेच्या आचरेकर मॅडम आल्या. पांढरे केस, जाड चष्मा. प्रश्नावर प्रश्न. मंदा काय बोलत होती म्हणून सांगू! मला तर वाटलं, ही माझी बायको नव्हेच, ही कुणी कलेक्टर आहे. मग मॅडमनी विचारलं, "एखादं मूल रडायचं थांबतच नसलं, तर काय करता?"

मंदानं सर्जेरावची गोष्ट सांगितली. तीन दिवस पोरगं रडत होतं, त्याची आई वारली होती. "मी त्याला गप्प बस म्हटलं नाही," मंदा म्हणाली. "त्याच्या हातात घंटा दिली. म्हटलं, तू वाजवल्याशिवाय शाळा सुटणार नाही. चौथ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता."

मॅडम हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. गोष्ट संपली तरी त्या तशाच. हात हलेना. पापणी हलेना. तोंडातून शब्द नाही. मी कागद पाहिला. मग मॅडमना पाहिलं. अडकल्या होत्या.

मी बटण दाबून धरलं. आकडे मोठ्यानं मोजले, चूक नको म्हणून. "एक, दोन, तीन..." मंदानं मान वळवली तोवर मी आठवर होतो. मॅडमनी डोळे पुसायला चष्मा काढला, म्हणजे हलल्या. पण तेव्हा माझे दहा झाले होते. पडदा काळा.

तीस मोजून पुन्हा चालू केला. होईना. परत मोजले. होईना.

मंदा उठून आत गेली आणि चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी मात्र तिथंच बसून रडलो, गाठी मारलेल्या टॉवेलात. गाठी टोचतात हो तोंडाला.

एवढ्यात मंदाचा फोन वाजला. मी उचलला.

"मी आचरेकर. लॅपटॉप बंद कसा झाला?"

विचारलं की खरं सांगायचं. "मी बंद केला," मी म्हणालो. आणि जे झालं ते, जसं झालं तसं, पहिल्यापासून सांगितलं. गिरणी, पीठ, शेळी, काठी, बादली, चार वेळा 'नाही', आणि मॅडम कशा अडकल्या ते. फोनमधून विचित्र आवाज यायला लागला. मला वाटलं बाई रडताहेत.

"हसू नाही आवरत हो," त्या शेवटी म्हणाल्या. "मंदाताईंना द्या."

मी फोनचा मोठा आवाज केला आणि मंदापुढं धरला.

"मंदाताई, अर्जात अनुभव नऊ वर्षं लिहिलाय तुम्ही. लग्नाला किती झाली?"

"बावीस," मंदा म्हणाली.

"मग बावीस लिहायला हवं होतं! सोमवारी मूळ कागदपत्रं घेऊन या. ती नीट असली की जागा तुमची."

मंदा रडत हसायला लागली, की हसत रडायला लागली, मला नीट कळलं नाही. ती साखर वाटायला आक्काकडं गेली. मी घरात एकटाच होतो. सातवी गाठ मारायला टॉवेलात जागा नव्हती, म्हणून म्हटलं, हे काम लगेच करून टाकू.

पेटीतून मंदाची कागदपत्रं काढली. बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाचा दाखला सापडला, गोल शिक्क्याचा. 'अनुभव: नऊ वर्षे.' मी 'नऊ' खोडलं आणि निळ्या शाईनं 'बावीस' लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. खरं सांगायचं, म्हणून खाली टीपही लिहिली: 'ही खाडाखोड मी केली. मॅडमनी सांगितली. धोंडिराम, गिरणी.' आणि कागद पेटीत जसा होता तसा ठेवला.

सोमवारी आम्ही संस्थेच्या ऑफिसात गेलो. मोठं ऑफिस, दहा-बारा कॉम्प्युटर, सगळे खाडखाड टाईप करत होते. मंदा मॅडमच्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर. दार अर्धवट उघडं होतं. मॅडमनी पहिला कागद उलटला, दुसरा उलटला. तिसरा हातात घेतला आणि थांबल्या. मंदानं वाकून कागदात पाहिलं आणि तीही थांबली. हात हलेना. पापणी हलेना. शब्द नाही.

दोघीही अडकल्या होत्या.

बटण कुठं दिसेना. पण दाराशेजारी भिंतीवर मोठं मेन स्विच होतं, माझ्या गिरणीत आहे तसंच. मी दांडी खाली ओढली. दिवे गेले, पंखे थांबले, दहा-बारा कॉम्प्युटर एकदम काळे झाले आणि सगळं ऑफिस "अरे, अरे" करत उठलं. मी मोजायला सुरुवात केली.

आतून मॅडमचा आवाज आला. "मंदाताई, बाहेर तुमचे हेच आहेत का?"

"हो," मंदा म्हणाली.

"मग दाखल्यावरचं बावीस राहू द्या. खोडू नका. कुठं सही करायची तुमच्या ऑर्डरवर, अंधारात काही दिसत नाही."

"थांबा, मॅडम," मी बाहेरून ओरडलो. "अजून अठराच झालेत."